अक्कांचे सरावघर आणि एक चिकटपट्टी

मधली सुट्टी होती. संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचे दोन जोड, आणि आत आम्ही दोघी. मी नव्या संगणकाच्या रिकाम्या खोक्यावर बसले होते, मंदाकिनीअक्का लाकडी स्टुलावर. मध्ये अक्कांचा डबा उघडा. त्यात भरीत, कळण्याची भाकरी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कांद्याची पात. समोरच्या पडद्यावर आम्ही सकाळपासून एका खेळात वसवत असलेले शहर होते, आणि त्यातल्या प्रत्येक घरावर एक तांबडा थेंब लुकलुकत होता. थेंबाखालचे इंग्रजी वाक्य वाचून दाखवणे हे माझे काम. मी वाचले. लोकांना पाणी मिळत नाही, असे त्यात लिहिले होते. अक्कांनी हातातला घास डब्यात परत ठेवला आणि त्या म्हणाल्या, "मग आधी त्यांना पाणी देऊ. आपलं जेवण कुठे पळून जातंय."

त्या दिवशी आम्ही तास सुरू झाल्याची घंटा होईपर्यंत जलवाहिन्या टाकत बसलो. भरीत तसेच राहिले. अक्कांना ओळखायला मला त्यानंतर फार काही लागले नाही.

मी जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन धुळ्याला आलेली आणि देवपुरातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच लागलेली. अक्का माहेरच्या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्या भूगोल शिकवत. शाळेला पहिला संगणक मिळाला, तेव्हा तो कुणाच्या ताब्यात द्यायचा याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस चालली. विज्ञानाच्या सरांना त्याची भीती वाटत होती आणि गणिताच्या बाईंना त्यावर विश्वास नव्हता. शेवटी कुलूप लागणारे कपाट फक्त अक्कांकडे होते, ते म्हणजे नकाशांचे, म्हणून संगणक भूगोलाकडे गेला. तिथून पुढच्या तीस-एक वर्षांचे सगळे त्या कपाटाच्या किल्लीमुळे घडले असे अक्का म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. किल्ली दुसऱ्या कुणाकडे असती, तर आजही ते कपाट बंदच राहिले असते.

संगणकाबरोबर आलेल्या तबकड्यांत एक शहर वसवण्याचा खेळ होता. वाचता मला येत होते, पण त्यातले काही समजत नव्हते. अक्कांना इंग्रजी अडखळत येई, पण पडद्यावर नदी दिसली की ती कुठून कुठे वाहणार, वस्ती कोणत्या काठाला टिकेल, हे त्या मी वाक्य संपवण्याआधी सांगत. अशी आमची जोडी जमली. पुढे मुलींनी आमचे नाव 'वाचणाऱ्या बाई आणि समजणाऱ्या बाई' असे ठेवले. ते नाव आम्हाला कळले आहे हे त्यांना कधी कळले नाही.

अक्कांनी या खेळांकडे कधी करमणूक म्हणून पाहिले नाही. त्यांना फार गंभीरपणेही कधी घेतले नाही. अशा खेळांना इंग्रजीत 'सिम्युलेशन' हे एकच नाव आहे, पण त्यांचे प्रकार पुष्कळ. विमाने, बस, मालगाड्या चालवण्याचे, शहरे वसवण्याचे, शेतीचे, दवाखाने आणि प्राणिसंग्रहालये चालवण्याचे, आणि नुसते एका घरात राहून आयुष्य काढण्याचेही. निवृत्तीनंतर अक्कांनी देवपुरातल्या आपल्या घराची पुढची खोली मुलांना मोकळी करून दिली. जुने संगणक गोळा केले आणि खेळ एका कपाटात लावले. तबकड्यांवरची भडक चित्रे पाहून मुले कोणताही खेळ उचलत, तेव्हा अक्का म्हणत, "वेष्टन नको वाचू. हा तुला काय करायला लावतो ते सांग." त्यावरून कप्प्यांना नावे पडली. चालवायचे, वसवायचे, पिकवायचे, सांभाळायचे, जगायचे. पाच कप्पे, पाच कागदी पट्ट्या, अक्कांच्या भूगोलाच्या अक्षरात. त्या खोलीला मुलेच सरावघर म्हणू लागली. चपला बाहेर काढायची शाळेतली पद्धत इथेही राहिली, आणि दसऱ्याला प्रत्येक संगणकाला झेंडूची माळही.

आता या लेखाच्या नावातल्या चिकटपट्टीविषयी. तिची सुरुवात शाळेतच झाली. आठवीच्या मुलींनी महिनाभर खपून एक शहर वसवले होते. पांझरेच्या काठी वाढलेल्या मुली त्या, तरी त्यांनी घरे थेट नदीच्या पात्राला लागून बांधली, कारण तिथली जमीन सपाट होती आणि बांधायला सोपी होती. खेळात पूर आला. अर्धे शहर पाण्यात गेले. एका मुलीने पटकन एक कळ दाबली, आणि पडद्यावर पुन्हा मोकळी हिरवी जमीन आली. सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी तिला शांतपणे विचारले, "त्या घरांतली माणसं कुठे गेली गं?"

अक्कांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून चिकटपट्टी आणली, एक तुकडा फाडला आणि त्या कळीवर चिकटवला. त्या दिवसापासून नियम झाला. अक्कांच्या खोलीत 'पुन्हा सुरू' नाही. शहर बुडाले तर बुडालेले शहर घेऊन पुढे जायचे. गाडी धडकली तर त्या दिवशीची पाळी संपली. बाकावर बसायचे आणि काय चुकले ते वहीत लिहायचे. प्रत्येक नव्या खेळाची ती कळ कुठे आहे हे अक्का आधी मला वाचायला लावत, आणि पट्टी लावूनच खेळ मुलांच्या हाती देत. त्या बुडालेल्या शहरात मुलींनी पुढे वर्षभर बांध घातले, वस्ती उंचावर हलवली. ते शहर अजून आहे. त्यातल्या एकीने परवा मला सांगितले की ती आता नगररचनेच्या कार्यालयात काम करते आणि नकाशा समोर आला की आधी नदी शोधते.

'पिकवायचे' हा कप्पा अक्कांच्या सर्वांत जवळचा, आणि तरी तोच त्यांना पहिल्यांदा पटेना. परदेशी शेतीचा खेळ होता. गहू पेरा, यंत्राने कापा, कोठारात भरा. एकदा असोद्याहून अक्कांचे चुलतभाऊ आले होते, केळी आणि कापूस करणारे, आमच्याहून वयाने बरेच मोठे. त्यांना सगळे नाना म्हणत. मुलांनी त्यांना हौसेने खेळायला बसवले. नानांनी गहू पेरला, काढला, पुन्हा पेरला. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे नुसते पाहत बसले. मुलांनी विचारले, काय झाले. नाना म्हणाले, "आन वादय कव्हा येते याच्यात?"

या खेळात वादळ येतच नाही, असे मुलांनी सांगितले. नाना चष्मा पुसत उठले. "मंग ही शेती कोनाची?"

मुले हसली, पण अक्का विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या शेतीच्या संगणकाशेजारी तुपाचा रिकामा डबा ठेवून बसलेल्या होत्या. डब्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या. 'वादळ. बाग आडवी.' 'आठ दिवस वीज नाही.' 'पानांवर करपा.' 'मजूर लग्नाला गेले.' काही कोऱ्याही होत्या, कारण अक्कांच्या मते काही आठवडे शेतकऱ्यालाही सुखाचे मिळतात. दर शनिवारी मुलाने एक चिठ्ठी काढायची आणि खेळातल्या आपल्या शेताचे तितके नुकसान आपल्याच हाताने करायचे. चांगले उभे पीक स्वतः नांगर फिरवून मोडायचे. आमच्या सरावघरातले शेतीचे खेळाडू त्यामुळे जगातल्या कोणत्याही खेळाडूंहून वेगळे झाले असतील, याची मला खात्री आहे. पुढे नाना आले की पहिल्यांदा डबा हलवून पाहत आणि चिठ्ठ्या कमी तर केल्या नाहीत ना, हे विचारत.

'सांभाळायचे' या कप्प्यात मात्र अक्का स्वतः कायम नापास होत, आणि हे इथे नोंदवायला त्यांची परवानगी आहे. दवाखान्याच्या खेळात आळशी डॉक्टरला कामावरून काढल्याशिवाय रांग हटत नाही. अक्कांना ते कधी जमले नाही. "त्याच्या घरी कोणी असेल," असे म्हणून त्या त्याला ठेवत, आणि दवाखाना बंद पडे. मुली त्यांना चिडवत. शेवटी प्रतिभा नावाच्या दहावीतल्या मुलीने तो दवाखाना अक्कांच्या हातून काढून घेतला आणि पंधरा दिवसांत सुरळीत केला. प्रतिभा आज खऱ्या रुग्णालयात परिचारिकांची प्रमुख आहे. अक्कांना मोतीबिंदूसाठी तिथे नेले, तेव्हा तिने त्यांना रांगेत पुढे घेतले नाही. त्या गोष्टीचा अक्कांना जितका अभिमान वाटला, तितका शस्त्रक्रिया चांगली झाल्याचाही वाटला नसेल.

शेवटच्या कप्प्याविषयी मी थोडेच लिहीन. माझे यजमान गेले, त्यानंतर मी काही महिने घराबाहेर पडत नव्हते. एके दिवशी अक्कांचा निरोप आला की 'जगायचे'मध्ये नवा खेळ आला आहे आणि त्यातले इंग्रजी वाचून दाखवायला मी हवी. तोपर्यंत सरावघरातल्या पाचवीच्या मुलालाही माझ्याइतके इंग्रजी वाचता येत होते. हे आम्हा दोघींना माहीत होते. मी गेले. खेळात एक घर करायचे आणि त्यात माणसे ठेवायची. मी एकच बाई ठेवली. थोड्या वेळाने तिच्या डोक्यावरची एक पट्टी तांबडी झाली. मी वाचून दाखवले, हिला बोलायला कुणी नाही, असे लिहिले आहे. अक्कांनी खुर्ची जवळ ओढली, शेजारचे घर बांधले, त्यात पांढऱ्या केसांची एक बाई ठेवली आणि तिला माझ्या दारावरची घंटा वाजवायला लावले. दोन महिने मी रोज चार वाजता सरावघरात जात होते, आणि रोज ती घंटा वाजत होती.

आता 'चालवायचे'. इथे शाळेतले शिपाई रघुनाथभाऊ यांचे नाव आधी घ्यायला हवे. भाऊंनी आयुष्यात विमान फक्त आकाशात पाहिलेले, पण विमानाच्या खेळात त्यांच्याइतके अलगद कुणी उतरवत नाही. निवृत्त झाल्यावरही ते रोज येत, धुळ्याहून उड्डाण करून जळगावकडे जात आणि खाली आपल्या बहिणीचे गाव शोधत. पडद्यावर नुसते तपकिरी ठिपके दिसत. "इथंच कुठेतरी असेल ती," असे म्हणून ते एक घिरटी घालत आणि परत येत.

याच कप्प्यात बस चालवायचा खेळ होता. त्याच्यासाठी अक्कांच्या एका माजी विद्यार्थ्याने बसला असते तसे खरे सुकाणूचे चक्र आणि खाली पायाने दाबायच्या तीन पायकळा पाठवल्या होत्या. चक्रावर उजव्या अंगठ्याखाली एक तांबडी कळ होती. ती दाबली की बस पुन्हा सुरुवातीच्या जागी. तिच्यावर अर्थातच पट्टी होती.

वनिता आमच्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकलेली. पिंपळनेरच्या पुढच्या पाड्यावरची. लग्न झाले, मुलगी झाली आणि तिने बसचालक व्हायचे मनात घेतले. मोठ्या वाहनाचा परवाना मिळवला, चाचणी दिली आणि बस मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावताना एक खांब पाडला. सहा आठवड्यांनी शेवटची संधी होती. पुढच्या भरतीला तिचे वय बसणार नव्हते. या वेळी जमले नाही, तर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचे घरात ठरले होते, आणि पहिलीतल्या मुलीला बरोबर न्यायचे होते. म्हणजे मुलीची शाळा सुटणार होती. वनिताने हे सगळे अक्कांना दारातच, चपला काढता काढता सांगितले. "पुढे बठ्ठं जमस, अक्का. मांगे जाताना जीव घाबरस." गाडी पुढे नेताना तिला सगळे जमे, मागे घेतानाच जीव घाबरे.

ती आठवड्यातून दोनदा येऊ लागली. सकाळी पिंपळनेरहून निघायचे, दोन तास बसमध्ये काढायचे, चक्र हातात घ्यायचे. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत तिने खांब पाडला. नियमाप्रमाणे पाळी संपली. ती बाकावर बसली, वहीत लिहिले आणि परतीच्या गाडीपर्यंत इतर मुलांना पाहत राहिली. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. तिच्या वहीत प्रत्येक वेळी एकच वाक्य होते. 'मागे पाहिले, खांब दिसला नाही.'

मला राहवले नाही. मी अक्कांना म्हणाले की ही मुलगी चार तासांचा प्रवास पाच मिनिटांसाठी करते आहे, एवढ्या वेळेपुरती पट्टी काढू या. अक्का म्हणाल्या की रस्त्यावर तिच्यामागे चाळीस माणसे बसणार आहेत, तिथे दुसरी संधी देणारी कळ कुणीही देणार नाही. ज्या नियमावर आम्ही इतकी मुले वाढवली, तो मोडा असे पुन्हा सांगायला माझी जीभ धजेना. चौथ्या खेपेला वनिताने पुन्हा खांब पाडला आणि बाकावर न बसता अक्कांच्या समोर येऊन उभी राहिली.

"अक्का, लगेच परत करू दिधं ते पायले समजस, कोठे चुकनं ते. चार दिन नंतर पाय भुली जास."

लगेच पुन्हा करू दिले, तर पायाला कळते कुठे चुकले ते. चार दिवसांनी पाय विसरून जातो. एवढेच तिचे म्हणणे. त्या दिवशी अक्कांनी चहाही घेतला नाही, असे रघुनाथभाऊंनी मला सांगितले.

पुढच्या खेपेला वनिता आली, तेव्हा खोलीत दहा-बारा मुले होती. अक्कांनी सगळ्यांना आपापले खेळ थांबवायला सांगितले. मग त्या चक्राजवळ गेल्या, तांबड्या कळीवरच्या पट्टीची कड नखाने उचलली आणि ती हळूहळू सोलून काढली. ती पट्टी कित्येक वर्षांची होती. खालचा तांबडा रंग नवाकोरा दिसत होता. मुलांसमोर अक्का नेहमी पुस्तकातली मराठी बोलत. त्या दिवशी त्यांच्या तोंडी असोद्याची बोली आली. "नियम माहा व्हता, चूकबी माहीच. सराव आन परीक्षा मी एकच समजत बसले."

मी पुष्कळ शिक्षकांबरोबर काम केले आहे. विद्यार्थ्यांची चूक दाखवणारे सगळेच पाहिले. वीस वर्षे चालवलेला आपला नियम आपल्याच हाताने, मुलांच्या डोळ्यांदेखत सोलून काढणारी व्यक्ती मी एकच पाहिली. मी त्यांची सहकारी होते, हे सांगताना माझा आवाज आजही जरा मोठा होतो.

त्यानंतर वनिताने दोन तासांत किती वेळा खांब पाडला, ते मोजणे आम्ही सोडून दिले. पण पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे एक गोष्ट रघुनाथभाऊंच्या ध्यानात आली, जी एकेका खेपेत कधी आली नसती. ते म्हणाले, "बाई, ही पडद्याकडे बघतच नाही. मागचं कॅलेंडर बघते." खरेच होते. बस मागे घ्यायची वेळ आली की वनिता मान पूर्ण वळवून पाठीमागे पाहत होती, आणि पाठीमागे अक्कांची भिंत होती. ती गाडी चालवायला वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकली होती. ट्रॅक्टरवर मागे वळून ट्रॉलीकडेच पाहावे लागते. बसमध्ये मागे वळले, तर नुसती माणसे दिसतात. तिथे दोन आरसे हेच डोळे. चाचणीच्या दिवशीही तिची मान वळली होती, आणि खांब पडला होता.

अक्कांनी कॅलेंडर उतरवले. वनिताच्या खांद्यांवर एक ओला पंचा टाकला, मान वळली की हनुवटीला थंड लागेल असा. "वळलीस की कळेल," एवढेच म्हणाल्या. तीन आठवडे ती आरशात पाहून बस मागे घेत राहिली. रघुनाथभाऊ विमान सोडून तिच्या शेजारी बसत आणि बस खांबांच्या मध्ये गेली की मान डोलावत.

चाचणीच्या आदल्या खेपेला अक्कांनी नव्या बंडलातून पट्टीचा एक तुकडा फाडला आणि तांबड्या कळीवर पुन्हा लावला. वनिताने पट्टीकडे पाहिले, मग अक्कांकडे. अक्का म्हणाल्या की सराव संपला, आज परीक्षा, आणि ती एकदाच. वनिताने बस पुढे घेतली, थांबवली, डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला आणि मागे घेतली. बस दोन खांबांच्या बरोबर मध्ये उभी राहिली. कुणी टाळी वाजवायच्या आत अक्का म्हणाल्या, "नीघ आता. तुझी गाडी चुकेल."

वनिता चाचणी उत्तीर्ण झाली. तिची मुलगी आता चौथीत आहे.

ती धुळ्याला पहिल्यांदा बस घेऊन येणार होती, त्या दिवशी अक्का आणि मी साक्रीपर्यंत गेलो आणि तिच्याच गाडीने परत आलो. अक्कांना पुढे बसायचे नव्हते. त्या अगदी शेवटच्या बाकावर बसल्या. स्थानकात बस फलाटाला मागे घेऊन लावावी लागते. ती वेळ आली, तेव्हा अक्कांनी समोरच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. मी त्यांच्याकडे पाहत होते. सगळी माणसे उतरली, तरी त्या तशाच बसलेल्या. शेवटी वनिता चालकाच्या जागेवरून उठून मागे आली.

"अक्का, उतरा आते. गाडी लागनी."

अक्कांनी डोळे उघडले. "लागली का? मले तं समजलंच नाही."

वनिताने खाली वाकून नमस्कार केला. मग अक्का खाली उतरल्या, बसच्या मागे गेल्या आणि फलाटाची कड आणि बस यांच्यामध्ये हाताचा तळवा उभा धरून अंतर मोजले. ते पाहून दोन हमाल हसले. अक्का त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या की ही आमची विद्यार्थिनी आहे.

अक्कांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मोतीबिंदू काढला, तरी डोळ्यांच्या मधोमध आता अंधुक दिसते आणि कडेचे स्वच्छ. त्या हसून म्हणतात, "मला आरसे दिसतात, रस्ता दिसत नाही." त्यानिमित्त नेमलेल्या गौरव समितीने काय हवे असे विचारले, तेव्हा त्यांनी शाल नको म्हटले. उलट, आपल्या कपाटातले सगळे आपल्या हयातीत, आपल्या हाताने द्यायचे आहे असे सांगितले.

या खेळांपैकी बहुतेकांत वेळ पळवण्याची एक कळ असते. ती दाबली की दिवस क्षणात सरतात. अक्कांच्या आयुष्यापुरती ती कळ कुणाच्या बोटाला सापडू नये, त्यांचे पुढचे दिवस सावकाश, एकेक करून, निरोगी शरीराने आणि चार वाजताच्या चहासह जावोत, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे आहे. आणि आता, कुणाला काय द्यायचे हे अक्कांनी मला जसे लिहून घ्यायला सांगितले, तसे त्यांच्याच शब्दांत खाली देते. वाचणारी बाई अजून मीच आहे.

बुडालेले शहर आणि नकाशांचे कपाट आपल्या देवपुरातल्या शाळेला. शहर पुसायचे नाही. नव्या मुलींनी तिथूनच पुढे वसवायचे.

शेतीचा संगणक असोद्याच्या शाळेला, चिठ्ठ्यांच्या डब्यासह. 'वादळ'ची चिठ्ठी फाटली आहे. ती दुसऱ्या कागदावर लिहून घ्यावी, पण आत असावीच.

दवाखाना प्रतिभाला. मला ज्याला काढता आले नाही, त्याला तिने काढावे, आणि काढण्याआधी त्याच्या घरी कोण आहे ते विचारावे.

विमान रघुनाथभाऊंना, त्यांच्या घरी पोहोचते करावे. बहिणीचे गाव सापडले, तर मला कळवावे.

दोन बायकांची शेजारशेजारची घरे ज्यांना द्यायची, त्यांना माहीत आहे. आता दारावरची घंटा त्यांनी वाजवावी, आणि पांढऱ्या केसांच्या बाईने दार उघडावे.

चक्र आणि पायकळा वनिताला. तिने त्या पिंपळनेरच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवाव्यात आणि सुट्टीच्या दिवशी शिकवायला जावे. डावी पायकळ हलते, तिच्याखाली फरशीचा तुकडा ठेवावा. तांबड्या कळीवर पट्टी कधी लावायची आणि कधी काढायची, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. पट्टीचे उरलेले बंडलही तिलाच.

आणि त्या कळीवरून मी सोललेली जुनी पट्टी कुणालाही द्यायची नाही. ती माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. तिथेच राहू द्यावी.